शंकासमाधान : नाण्याची हातचलाखी

मागच्या अंकात याच पानावर एक साधा प्रयोग सांगितला होता. उजव्या हातातले नाणे डाव्या मुठीत दिल्यासारखे दाखवायचे, ते प्रत्यक्षात उजव्याच हातात राखायचे आणि काही क्षणांनी डावी मूठ उघडून ती रिकामी असल्याचे दाखवायचे. त्यावर बरीच पत्रे आली आणि त्यांतली बहुतेक विदर्भातल्या खेड्यांतून आली. प्रत्येक पत्राला उत्तर देणे जागेअभावी शक्य नसल्यामुळे ज्या अडचणी अनेकांना आलेल्या दिसतात, त्याच येथे घेतल्या आहेत.

मी नववीत शिकतो. तळहातात नाणे धरून हात उलटा केला की ते लगेच पडते. तीन आठवडे प्रयत्न करीत आहे. मी एक रुपयाचे नाणे वापरतो. तुझा हातच यासाठी नाही, असे मित्र म्हणतात. ते खरे आहे का? (एक विद्यार्थी, ता. आर्वी, जि. वर्धा)

तुझ्या हातात काही खोट नाही, तू निवडलेले नाणे लहान आहे. अंगठ्याच्या बुडाशी एक मांसल उंचवटा असतो, करंगळीच्या बाजूला दुसरा असतो आणि या दोहोंच्या मधल्या खोलगट जागेत नाणे बसवायचे असते. नाण्याच्या समोरासमोरच्या कडा दोन्ही उंचवट्यांना टेकल्या, तरच ते अडकून राहते. जादूगार या पकडीला ‘पाम’ म्हणतात. २०११ च्या मालिकेतले रुपयाचे नाणे जेमतेम २२ मि.मी. व्यासाचे आणि ३.७९ ग्रॅम वजनाचे आहे. ते एका बाजूला टेकते आणि दुसऱ्या बाजूला सुटते, मग पडेल नाही तर काय होईल? दहा रुपयांचे नाणे घे. त्याचा व्यास २७ मि.मी. आणि वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असते. आपल्याकडे अजूनही काही दुकानदार दहाचे नाणे घेत नाहीत, पण त्याचे तेव्हा चलनात असलेले सर्व १४ नमुने वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. दुकानदाराने परत केलेले नाणे तुझ्या सरावाला कामी येईल. वीस रुपयांचे नाणेही २७ मि.मी.चेच आहे, मात्र ते बारा कोनी असल्यामुळे त्याचे कोपरे कातडीत रुततात आणि पकड आल्याचा भास होतो. त्याची सवय लागली की गोल नाणे पुन्हा निसटू लागते, म्हणून सुरुवातीला ते टाळ.

आता कृती सांगतो. मधले बोट आणि अनामिका यांच्या टोकांवर नाणे ठेव आणि वरून अंगठ्याने हलकेच धर. मग अंगठा बाजूला घे, ती दोन बोटे आत वळवून नाणे त्या खोलगट जागेत दाब आणि बोटे आपोआप सैल होऊ दे. अंगठा आत ओढून नाणे आवळणे ही सर्वांची पहिली चूक असते. तसे केल्याने नाणे राहते, पण पंजा बेडकाच्या पायासारखा ताणलेला दिसतो. पकड बरोबर आहे की नाही, हे पाहण्याची एक युक्ती आहे. नाणे तळहातात असताना त्याच हाताने पेन धरून वहीत स्वतःचे नाव लिही. नाव नेहमीच्या अक्षरात उमटले, तर अंगठा मोकळा आहे असे समज.

तीन आठवडे हा काळ फारच थोडा आहे. माझ्या हातात नाणे हात उलटा करून टिकायला दोन महिने लागले आणि तो हात रिकामा दिसायला त्यानंतर वर्ष गेले. सराव करताना समोर गोधडी अंथर, म्हणजे पडलेले नाणे कपाटाखाली जाणार नाही आणि घरच्यांची झोपही मोडणार नाही.

आमची कोरडवाहू शेती आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटे ओरखडतात आणि तळवे खरखरीत होतात, तेव्हा नाणे टिकत नाही. चैत्र-वैशाखात घामामुळे टिकत नाही. मग सराव करावा तरी केव्हा? (एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नाणे धरून ठेवण्यासाठी कातडीला किंचित ओल लागते. ती अजिबात नसली तरी नाणे सुटते आणि जास्त झाली तरी घसरते. वेचणीच्या दिवसांत रात्री झोपताना तळव्यांना ग्लिसरीन किंवा व्हॅसलिन लावावे, मात्र सरावापूर्वी तेल, तूप किंवा मलम यांपैकी काहीही लावू नये. सरावाच्या वेळी हात साध्या पाण्याने धुवावेत आणि अर्धवट पुसावेत. तळव्याला चीर पडली असेल, तर त्यावर नाणे दाबू नये. तेवढे दिवस नाणे मधले बोट आणि अनामिका यांच्या बुडाशी ठेवून बोटे किंचित वळवावीत. ही बोटांमधली पकड शिकायला सोपी आहे आणि माझ्या मते ती तळहातातल्या पकडीपेक्षा अधिक नैसर्गिक दिसते, कारण मोकळा सोडलेला हात मुळातच थोडा वळलेला असतो. फवारणीच्या दिवशी मात्र साबणाने हात स्वच्छ धुतल्याशिवाय नाण्याला हातच लावू नका. सरावात तोच हात दहा वेळा तोंडाकडे जातो.

उन्हाळ्यात पहाटे सराव करावा. घामावर उपाय म्हणून मी एकदा खडूची पूड वापरली होती. शाळेत ती हाताशीच असे. पकड उत्तम बसली, पण हात उघडून दाखवला तेव्हा तळव्यावरच्या पांढऱ्या पुडीत नाण्याचा गोल ठसा स्पष्ट उमटलेला होता आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने तो मोठ्याने सर्वांना दाखवला. त्यानंतर मी फक्त रुमाल वापरतो.

माझे किराणा दुकान आहे. आपण सांगितलेला प्रयोग मी दोन महिन्यांपासून गिऱ्हाइकांना दाखवतो. डावी मूठ उघडण्याच्या आतच ते माझ्या उजव्या हाताकडे बोट दाखवतात. नाणे दिसत नाही, याची मी आरशात खात्री केली आहे. मग त्यांना कळते कसे? (एक दुकानदार, ता. उमरेड, जि. नागपूर)

या महिन्यात सर्वांत जास्त पत्रे याच अडचणीची होती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपले नाणे दिसत नाही हे खरे असेल, पण गिऱ्हाईक नाण्यावरून ओळखत नाही, आपल्या वागण्यावरून ओळखते. नाणे खरोखर डाव्या हातात देताना आपण काय करतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी निरखलेले असते. आपण दिवसभर सुटे पैसे मोजता, तेव्हा उद्या दुकानात एवढेच करून पाहा. उजव्या हातातले नाणे खरोखरच डाव्या हातात द्या आणि पाहा. डावा हात किती उघडतो? तो नाण्याकडे येतो, की नाणे त्याच्याकडे जाते? नाणे टेकल्यावर बोटे एकदम मिटतात, की करंगळीपासून एकेक करून? उजवा हात नंतर कुठे जातो? मान कोणत्या क्षणी वळते? हे सारे मनात पक्के बसल्यावर तेच, त्याच वेगाने, नाणे न देता करायचे असते. प्रयोग करणारे बहुतेक जण फक्त खोटी कृती घोटत बसतात आणि खरी कशी असते ते विसरून जातात. त्यामुळे खोटी कृती हळूहळू वेगळ्याच वळणाची होते. कृती सफाईदार असूनही ती कोणत्याच माणसाच्या रोजच्या हालचालीसारखी दिसत नाही, हे गिऱ्हाइकाला जाणवते.

दुसरा प्रश्न कारणाचा आहे. उजव्या हातात असलेले नाणे कोणी विनाकारण डाव्या हातात कशाला देईल? बघणाऱ्याच्या मनात हा प्रश्न आला की त्याची नजर उजव्या हातावर खिळलीच म्हणून समजा. आपल्याला तर हे कारण आयते उपलब्ध आहे. समोर उधारीची वही उघडी ठेवा आणि पेन उजव्या बाजूला ठेवा. नाणे डाव्या हातात ‘द्या’ आणि त्याच ओघात उजव्या हाताने पेन उचलून वहीवर रक्कम लिहायला लागा. उजवा हात मोकळा हवा होता म्हणून नाणे डावीकडे गेले, हे बघणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. पेन धरलेल्या हाताची बोटे वळलेलीच असतात, तेव्हा बोटांच्या बुडाशी असलेले नाणे तिथे सुखाने राहते. नाणे लपवलेला हात लोक एकतर खाली लोंबता सोडतात किंवा पाठीमागे नेतात. काहीच काम नसलेला हात संशयास्पद दिसतो, म्हणून त्या हाताला काम द्यावे.

आता प्रत्यक्ष देण्याचा क्षण पाहू. नाणे उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांमध्ये असे धरा, की त्याचा बहुतेक भाग बाहेर दिसेल. ते डाव्या तळव्यावर टेकवा आणि एक क्षण तिथे दिसू द्या. डावी बोटे त्यावर मिटू लागली, की नाणे पूर्ण झाकले जाण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी उजव्या बोटांनी ते मागे ओढून बोटांच्या आडोशाला घ्यायचे. घाई केली तर नाणे आधीच नाहीसे झाल्याचे दिसते आणि उशीर केला तर ते मुठीतून निघताना दिसते. यासाठी चकचकीत नाणे आणि समोरून येणारा उजेड हवा. नाण्याची चमक डोळ्यांत राहते आणि मूठ मिटल्यानंतरही ते आत असल्याचे बघणारा मनोमन धरून चालतो.

मूठही नीट पाहा. नाणे असलेल्या मुठीत नाण्याएवढी जागा असते. रिकामी मूठ लोक एकतर गच्च आवळतात, त्यामुळे बोटांची पेरे पांढरी पडतात, किंवा इतकी सैल ठेवतात की आत वारा शिरावा. सरावात आधी खरे नाणे मुठीत ठेवावे, मग बोटांची ठेवण न बिघडवता दुसऱ्या हाताने ते काढून घ्यावे आणि तशीच मूठ धरून राहावे. पंचवीस वेळा हे केले की हाताला ती जागा लक्षात राहते.

शेवटची गोष्ट नजरेची. नाणे डाव्या हातात गेले असेल, तर आपली नजरही तिकडेच गेली पाहिजे. उजव्या हातात काही आहे हे मनातून काढून टाकल्याशिवाय नजर प्रामाणिक होत नाही, आणि याच ठिकाणी बहुतेकांची गाडी अडते. नजरेचा हा परिणाम प्रयोगांनी तपासलेला आहे. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९०० मध्ये एका अभ्यासात मुलांसमोर चेंडू दोनदा वर फेकवला आणि तिसऱ्या वेळी फक्त फेकल्याचा आव आणवला. जवळपास निम्म्या मुलांनी तिसऱ्यांदाही चेंडू वर जाऊन नाहीसा झाल्याचे सांगितले. २००६ मध्ये गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी असाच प्रयोग करताना बघणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. जादूगाराने न फेकलेल्या चेंडूमागे वर पाहिले तेव्हा अर्ध्याहून अधिक लोक फसले आणि त्याने नजर हातावरच ठेवली तेव्हा फसणाऱ्यांची संख्या बरीच घटली. गमतीचा भाग असा, की चेंडू वर गेल्याचे शपथेवर सांगणाऱ्यांचे डोळे प्रत्यक्षात तिकडे गेलेच नव्हते. ते बऱ्याच अंशी जादूगाराच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आपल्या गिऱ्हाइकांचेही तसेच आहे. आपली नजर एकदा उजव्या हाताकडे चुकून वळली, की ती त्यांना रस्ता दाखवते.

सरावासाठी घरातल्या एखाद्या व्यक्तीला समोर बसवा. दहा वेळा नाणे द्या, त्यांपैकी काही वेळा खरे आणि काही वेळा खोटे, आणि प्रत्येक वेळी कोणते ते तिला विचारा. तिची उत्तरे अंदाजाने दिल्यासारखी, म्हणजे निम्मी बरोबर आणि निम्मी चूक येऊ लागली, की दुकानात प्रयोग करावा. तोही त्याच गिऱ्हाइकाला पुन्हा दाखवू नये. रोज तेल-मीठ न्यायला येणाऱ्या माणसाने हा प्रयोग आपल्याकडे साठ वेळा पाहिला असेल, तर त्याने बोट दाखवण्यात नवल काहीच नाही.

मी झाडीपट्टीच्या नाटकांत छोटी कामे करतो. प्रवेश बदलताना पडद्यापुढे दोन मिनिटे हवेतून नाणी काढून दाखवावीत, असा विचार आहे. नाणे बोटांच्या मागच्या बाजूला लपवायला शिकलो आहे, पण बाजूला बसलेल्यांना ते दिसते. (एक कलावंत, देसाईगंज परिसर, जि. गडचिरोली)

आपण शिकलात ती पकड, म्हणजे तर्जनी आणि करंगळी यांच्यामध्ये नाण्याच्या कडा धरून ते पंजाच्या पाठीमागे नेणे, रंगमंचावर थॉमस नेल्सन डाउन्स यांनी गाजवली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रेल्वे स्टेशनवर तारयंत्रावर काम करणाऱ्या या माणसाने रिकाम्या वेळेत नाणी हाताळून हे कसब कमावले आणि १८९९ मध्ये लंडनच्या रंगमंचावर नाव मिळवले. पण त्यांचे प्रेक्षक समोर, खुर्च्यांत, एकाच दिशेला बसलेले होते. आपल्याकडे मंडपात मुले विंगेपर्यंत येऊन बसतात.

याचा धडा मला फार पूर्वी मिळाला. एका गावच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी मोठ्या आत्मविश्वासाने रिकामा पंजा दाखवत होतो आणि माझ्या पाठीमागच्या लिंबाच्या पारावर बसलेल्या सहा-सात वर्षांच्या पोराने ओरडून सांगितले, “गुरुजी, नाणं त मागं धरलं हाये न तुमी!” पुढचा प्रयोग कोणी पाहिलाच नाही, सगळे हसत होते आणि हसणाऱ्यांत मुख्याध्यापकही होते. तेव्हापासून चहूबाजूंनी माणसे असतील तिथे मी पाठीमागची पकड वापरत नाही.

आपल्यासाठी माझे मत असे आहे, की पकडीपेक्षा आवाजाकडे लक्ष द्यावे. मंडपात पन्नास फुटांवर बसलेल्याला २७ मि.मी.चे नाणे दिसतच नाही, त्याला फक्त ऐकू येते. डाव्या हातात स्टीलची बादली धरा. त्याच हाताची बोटे बादलीच्या आतल्या बाजूला असू द्या आणि त्यांत पाच-सहा नाणी रचून ठेवा. उजव्या हातात एकच नाणे असावे. ते हवेतून काढल्यासारखे बोटांच्या टोकाशी आणायचे, बादलीत टाकल्याचे दाखवून तळहातात परत घ्यायचे आणि त्याच क्षणी डाव्या बोटांनी एक नाणे बादलीत सोडायचे. खणकन आवाज आला, की उजव्या हातातले नाणेच पडले असे सर्वांना वाटते. आवाज आणि उजव्या हाताची हालचाल यांत पापणी लवण्याइतकेही अंतर पडले, तर मात्र सगळा खेळ उघडा पडतो, म्हणून सरावाचा तीन चतुर्थांश वेळ या मेळावरच खर्च करा. माइक बादलीजवळ ठेवायला सांगा. डाव्या हातातली नाणी एकमेकांवर आपटून आधीच बोलू नयेत, यासाठी ती एकमेकांवर थोडी सरकवून पंख्यासारखी ठेवावीत. पोलादी नाणी फार तीक्ष्ण आवाज करतात. जुनी, नऊ ग्रॅम वजनाची, जाड तांबे-निकेलची पाच रुपयांची नाणी कोणाकडे मिळाली तर जपून ठेवा, त्यांचा आवाज भारदस्त असतो.

मी अंगणवाडी सेविका आहे. मुलांना नाण्याचे प्रयोग दाखवते. पुस्तकांत “नाणे खिशात टाका” असे लिहिलेले असते, पण साडीला खिसा नसतो. शिवाय सरावाला वेगळा वेळ मिळत नाही. (एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर)

कमरेला खोचलेला बटवा खिशापेक्षा अधिक सोयीचा आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. बटव्यातून नाणे काढायला आणि परत ठेवायला दोन्ही हात लागतात. त्यामुळे हात कमरेकडे नेण्याला कारणही मिळते आणि लपवलेले नाणे तिथे सोडूनही देता येते. बांगड्यांचा किणकिणाट नाण्यांचा आवाज झाकतो, ही आपल्याला मिळालेली सवलतच समजा. फक्त हात स्थिर असतानाही बांगड्या वाजल्या, तर मुलांचे कान टवकारतात.

सरावासाठी वेगळा वेळ लागत नाही. रॉबेर-हुदँ (१८०५–१८७१) हे फ्रेंच जादूगार मुळात घड्याळजी होते. रस्त्याने चालताना त्यांचे हात कोटाच्या खिशांत असत आणि बोटे पत्ते व नाणी हाताळत असत. आपण खिचडी ढवळताना, हजेरी लिहिताना किंवा हातपंपावर पाणी भरताना दुसऱ्या हाताच्या बोटांच्या बुडाशी नाणे राहू द्या. काही दिवसांत नाणे हातात आहे हेच विसरायला होते, आणि हात विसरला की तो इतरांनाही रिकामा दिसतो.

सराव आरशासमोर करावा की मोबाइलवर चित्रण करून पाहावे? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, ता. चिखली, जि. बुलढाणा)

पहिला आठवडा आरसा, नंतर मोबाइल. आरशात कोन कळतात, पण आरशात पाहण्यासाठी नजर आरशावरच ठेवावी लागते आणि नाण्याकडे वळवायची नजर कधी तयार होत नाही. दुसरे म्हणजे, चोरटी हालचाल करताना आपण नकळत डोळे मिचकावतो, त्यामुळे स्वतःची चूक स्वतःला कधीच दिसत नाही. मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवून, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. चित्रण आधी आवाज बंद करून पाहावे, कारण बडबडीने झाकलेल्या चुका तेव्हा उघड्या दिसतात.

लेथवर नाणे कोरून पोकळ करून घेतले, तर एकात एक बसणारी दोन नाणी तयार होतील. असे करावे का? (एक वाचक, जि. अकोला)

चालू नाण्यांवर असे काही करू नका. नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे २०११ च्या नाणे कायद्याने निषिद्ध आहे आणि त्याला शिक्षा आहे. चुंबक लावलेल्या अंगठ्यांबद्दलही काहींनी विचारले आहे. पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात हे खरे, पण ते खेड्यातल्या प्रत्येक पोराला फुटक्या स्पीकरच्या चुंबकामुळे पाठ असते. अंगठी बघितल्याबरोबर तो ती मागून घेईल.

मी मेळघाटच्या पायथ्याशी एका शाळेत शिक्षिका आहे. नाणे नाहीसे करून दाखवले, तेव्हा काही पालक “मॅडमला काही येते” असे म्हणू लागले. एकाने हरवलेल्या बैलाचा पत्ता विचारला. मुलांना गुपित सांगून टाकावे का? (एक शिक्षिका, ता. अचलपूर, जि. अमरावती)

बैलाचा पत्ता विचारणाऱ्याला मात्र त्याच दिवशी, त्याच्यासमोर, नाणे कुठे होते ते उघडून दाखवा. हातचलाखी करमणूक म्हणून दाखवणे यात वावगे काही नाही. पण अंगात शक्ती असल्याचा दावा करून, चमत्कार दाखवून लोकांना फसवणे आणि त्यातून पैसे कमावणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. आपण तसे काही करत नाही, तरीही गैरसमज तसाच राहू देणे मला योग्य वाटत नाही.

वर्गात मी स्वतः असे करीत असे. प्रयोगाच्या आधीच सांगायचे, “आता मी तुम्हाला हाताने फसवणार आहे, पकडून दाखवा.” असे सांगितले तरी प्रयोग तितकाच रंगतो, उलट मुले अधिक बारकाईने पाहतात. गुपित लगेच सांगू नये, तसे केले तर मुलांचा विचार तिथेच थांबतो. आधी त्यांचे तर्क फळ्यावर लिहून घ्यावेत, मग प्रत्येक तर्क नाणे हातात घेऊन तपासावा आणि आठवड्याच्या शेवटी एकाच प्रयोगाचे गुपित सांगून तो त्यांच्याकडून करून घ्यावा. घरी जाऊन आजोबांना नाणे गायब करून दाखवणारा मुलगा “मॅडमला काही येते” असे पुन्हा म्हणत नाही, आणि त्याचे आजोबाही म्हणत नाहीत.

आजीकडे राणीछाप चांदीचे दोन कलदार रुपये आहेत. ते सरावाला वापरावेत का? (एक वाचक, जि. भंडारा)

आजीने हो म्हटले तर अवश्य वापरावेत. नाण्यांच्या हातचलाखीचे जे तंत्र इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे आले, ते बरेचसे अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरवर बेतलेले आहे. त्या नाण्याचा व्यास ३०.६ मि.मी. आणि जुन्या चांदीच्या रुपयाचा साधारण ३०.५ मि.मी., वजनही ११.३४ आणि ११.६६ ग्रॅम. म्हणजे जगभरचे जादूगार ज्या मापाच्या नाण्यावर शिकले, जवळपास त्याच मापाचे नाणे आपल्या आजीच्या पेटीत पडून आहे. त्याची कड खाचांची असल्यामुळे ते तळहाताला चांगले धरते आणि बोटांवर सुरेख सरकते. सुरुवात मात्र दहाच्या नाण्यावरच करा, कारण पहिल्या महिन्यात नाणे शंभरदा फरशीवर पडते आणि चांदी मऊ असते. चकाकी आणण्यासाठी ते राखेने किंवा चिंचेने घासू नका, घासल्याने कडेच्या खाचा आणि राणीचा चेहरा झिजतो. मऊ सुती कापडाने पुसले तरी पुरे. आणि सराव संपला की दोन्ही रुपये मोजून आजीच्या हातात परत द्या. नाहीतर नाणे गायब करण्याचा तुमचा पहिला यशस्वी प्रयोग घरातच, आणि भलत्याच कारणाने गाजेल.